परोपजीवी गांधीलमाशीचा आहार, यजमान आणि अंडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्रकीटक (पिकावरच्या किडी मारणारे कीटक) प्रयोगशाळेत ब्रॅकॉन किंवा ट्रायकोग्रामा पाळणारे, ट्रायकोकार्ड (आत ट्रायकोग्रामा वाढत असलेल्या पतंगाच्या अंड्यांचे कार्ड) विकत आणून शेतात लावणारे आणि कीटकशास्त्राचे विद्यार्थी अशा तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः दोन मित्रकीटकांची आहेत: अळीवर जगणारा ब्रॅकॉन हेबेटर आणि पतंगाच्या अंड्यात वाढणारा ट्रायकोग्रामा किलोनिस. प्रयोगशाळेत दोघांचा यजमान, म्हणजे ज्याच्यावर किंवा ज्याच्या अंड्यात त्यांची पिल्ले वाढतात तो कीटक, एकच: तांदळावरचा पतंग कॉर्सिरा. वेगळे सांगितले नसेल तिथे तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६० ते ७० टक्के धरावी.

एक मादी आयुष्यात किती अंडी घालते? आकडा सांगा.

आकडा सांगता येतो, पण त्याला अटी लावाव्या लागतात. रोज मध आणि ताज्या अळ्या मिळणारी ब्रॅकॉनची मादी आयुष्यभरात शंभराच्या वर अंडी सहज घालते. तीच मादी नुसत्या मधावर ठेवली तर आठवड्याने तिच्या पोटात घालण्याजोगी अंडी फारच थोडी सापडतात. ट्रायकोग्रामाची मादी काही डझन अंडी घालते, आणि तीही बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत.

म्हणून कोणी एकच आकडा सांगितला की तीन गोष्टी विचाराव्यात: यजमान कोणता दिला, मध दिला का, आणि किती दिवस मोजले. या तीन गोष्टींशिवाय आकड्याला काही अर्थ नाही.

ट्रायकोग्रामा आणि ब्रॅकॉन यांच्यात एवढा फरक का?

ट्रायकोग्रामा शिदोरी बांधून निघते, ब्रॅकॉनचे पोट हातावर आहे. बाकीचे सगळे प्रश्न या फरकापाशी येतात.

ट्रायकोग्रामाची मादी यजमानाच्या अंड्यातून बाहेर पडते तेव्हाच तिची बहुतेक अंडी तयार असतात. पुढे तिला काय खायला मिळाले याने अंड्यांची संख्या फारशी वाढत नाही. त्यांतली किती अंडी घालून होतात, एवढेच ठरते.

ब्रॅकॉनची मादी कोशातून निघते तेव्हा तिच्याकडे तयार अंडी अगदी थोडी असतात. अंडाशयातल्या चार नळ्यांमध्ये अंडी एकामागून एक पिकत जातात आणि त्यासाठी लागणारा मालमसाला तिला प्रौढावस्थेत मिळवावा लागतो. परोपजीवी गांधीलमाश्यांच्या आजवर तपासलेल्या जातींपैकी बहुसंख्य जाती कमी-अधिक प्रमाणात याच प्रकारात मोडतात. सगळी शिदोरी घेऊनच निघणाऱ्या जाती थोड्या.

या दोघींच्या मधल्याही जाती आहेत. उसाच्या खोडकिड्यावरची कोटेशिया फ्लॅव्हिपेस सुमारे दीडशे तयार अंडी घेऊन निघते आणि एका अळीत साधारण चाळीस अंडी घालते. म्हणजे तीन-चार अळ्यांत तिचा माल संपतो. अशा माशीला आठवडाभर मध पाजून जगवले तरी पाचव्या अळीसाठी तिच्याकडे द्यायला फारसे काही उरलेले नसते.

मध दिल्याने अंडी वाढतात ना?

मधाने दिवस वाढतात. अंडी वाढली तर ती त्या वाढलेल्या दिवसांमुळे.

मधात साखर भरपूर, प्रथिने नावापुरती, चरबी जवळपास नाही. अंड्याला लागतात ती प्रथिने आणि चरबी. त्यात आणखी एक अडचण अशी की बहुतेक परोपजीवी गांधीलमाश्यांना प्रौढपणी साखरेपासून चरबीचा साठा वाढवता येत नाही. आपण गोड खाल्ले की वजन वाढते, त्यांचे तसे होत नाही. अळी असताना यजमानाकडून जी चरबी घेतली तीच जन्मभर पुरवायची. मध मिळाला की उडण्या-फिरण्याचा खर्च साखरेवर भागतो आणि ती चरबी अंड्यांसाठी शिल्लक राहते.

ट्रायकोग्रामाला मध मिळाला नाही तर ती दोन-तीन दिवसांत मरते, पुष्कळदा पोटात अंडी शिल्लक असताना. मध मिळाल्यास आठवडाभर किंवा त्याहून जास्त जगते. ब्रॅकॉनची मादी उपाशीपोटी दोन-चार दिवस जगते, मधावर दोन-तीन आठवडे.

यातला बारकावा ॲफायटिस मेलिनस या माशीवरच्या प्रयोगांत चांगला दिसला. कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय बागांमधल्या लाल खवले किडीसाठी ही माशी १९५० च्या दशकात भारत आणि पाकिस्तानातून नेली गेली. यजमानाचा रस पिऊन तिची अंडी वाढली, पण मधाची जोड असेल तेव्हाच त्याचा खरा उपयोग झाला. साखरेविना ती रस पचवून अंडी करायला जगतच नव्हती. तेव्हा मध की यजमान, असा हा प्रश्न नाही.

ब्रॅकॉन अळीचे रक्त पिते म्हणजे नेमके काय करते?

हातभिंग घेऊन पाहावे, दहा मिनिटांत सगळे दिसते. मादी अळीवर चढते, पोट पुढे वळवून अंडनलिका टोचते आणि विष सोडते. हे विष इतके जहाल असते की थोड्याच वेळात कॉर्सिराची अळी लुळी पडते आणि पुन्हा कधीच हालत नाही. ती मरत मात्र नाही, बरेच दिवस ताजी राहते. नंतर मादी परत येते, त्वचेला भोक पाडते, मागे वळून तोंड त्या भोकाला लावते आणि बाहेर येणारा थेंब चाटते. एवढ्या थेंबात प्रथिने असतात, थोडी साखरही असते.

अंडी ती अळीच्या अंगावर बाहेरून घालते, त्यामुळे ज्या अळीचा रस प्यायली तिच्यावरच अंडी घालायला तिला अडचण नसते. हरितगृहातल्या पांढऱ्या माशीवर सोडल्या जाणाऱ्या एन्कार्शिया फॉर्मोसाचे तसे नाही. तिने ज्या पिल्लाचा रस प्यायला ते मरते, मग अंड्यासाठी तिला दुसरे पिल्लू शोधावे लागते. कीड नियंत्रणाच्या दृष्टीने हे फायद्याचेच, पण संगोपनात एन्कार्शियासाठी यजमानांचा हिशेब करताना खाण्याचे यजमान वेगळे धरावे लागतात.

यजमान मिळालेच नाहीत तर तयार अंड्यांचे काय होते?

ब्रॅकॉन ती परत शोषून घेते. नळीच्या तळाशी घालायच्या तयारीत असलेली अंडी विरघळू लागतात आणि त्यातली प्रथिने व चरबी मादीच्या शरीरात परत जातात. उपाशी मादीत हे लवकर सुरू होते, मध मिळालेल्या मादीत उशिरा. याने मादी वाचते, पण सगळा माल परत मिळत नाही. अंडे बनवायला जेवढे लागले त्याहून कमीच हाती येते.

याचा प्रयोगशाळेतला परिणाम असा. शनिवार-रविवार अळ्या दिल्या नाहीत आणि सोमवारी दिल्या, तर माद्या त्या दिवशी डंख मारतात, रस पितात, पण अंडी थोडी घालतात. अंड्यांचा आकडा वर यायला आणखी एक-दोन दिवस जातात. सोमवारच्या लुळ्या पण रिकाम्या अळ्या पाहून अनेक जण माद्या बदलतात. माद्या ठीक असतात, मंगळवार-बुधवारपर्यंत थांबावे.

ट्रायकोग्रामाच्या अंड्यात पिवळा बलक जवळपास नसतो. ते यजमानाच्या अंड्यातला रस शोषून फुगते. त्यामुळे शोषून घ्यावे असे त्यात फारसे काही नसतेच.

ब्रॅकॉनला रोज किती अळ्या द्यायच्या आणि कशा?

सुरुवातीला एका कंदिलाच्या काचेत किंवा एक लिटरच्या प्लॅस्टिकच्या बरणीत १० माद्या, ५ नर आणि २४ तासांसाठी २५ ते ३० अळ्या हे प्रमाण धरावे. मग आपल्याकडच्या माश्यांच्या वाणावरून कमी-जास्त करावे.

अळ्या शेवटच्या अवस्थेतल्या, जाड, मळकट पांढऱ्या घ्याव्यात. लहान अळीवर अंडी कमी पडतात आणि पिल्लांना अन्न पुरत नाही. भांड्याच्या तोंडावर मलमलचा एक तुकडा ताणून रबर लावावा, त्यावर अळ्या पसराव्यात, वरून दुसरा तुकडा ताणून दुसरे रबर लावावे. दोन कापडांमध्ये दाबलेली अळी पळू शकत नाही, जाळेही नीट विणू शकत नाही, आणि मादी आतून कापडातूनच डंख मारते. माश्या उजेडाकडे जातात, म्हणून कापडाची बाजू खिडकीकडे ठेवावी. तोंड अंधाराकडे राहिले तर सगळ्या माश्या बरणीच्या तळाशी जमतात आणि अळ्या तशाच राहतात. कापड ढिले असले की अळ्या एका कोपऱ्यात गोळा होतात, तिथे अंड्यांचे ढीग आणि बाकी सगळीकडे शून्य.

२४ तासांनी अळ्या काढून घडीच्या कागदावर, डबीत पसराव्यात. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, पिल्ले तीन-चार दिवस खातात, मग पांढरे कोश करतात. अंड्यापासून प्रौढापर्यंत १० ते १२ दिवस.

अळ्या कमी पडताहेत की जास्त, हे कसे ओळखायचे?

कमी पडत असतील तर एकेका अळीवर पंधरा-वीसच्या वर अंडी दिसतात. दुसरी जागाच नसल्याने मादी तिथेच घालत राहते. एवढ्या पिल्लांना एक अळी पुरत नाही. काही मरतात, उरलेल्यांचे कोश बारीक होतात आणि त्यातून बारीक माद्या निघतात. बारीक मादीची अंडी कमी असतात. त्या दिवशी अंड्यांचा आकडा मोठा दिसतो आणि फटका पुढच्या पिढीत बसतो, म्हणून हे लक्षात यायला दोन आठवडे लागतात.

जास्त होत असतील तर लुळ्या पण अंडी नसलेल्या अळ्या उरतात, काळ्या पडून सडतात, त्यावर बुरशी येते आणि ती शेजारच्या चांगल्या अळ्यांवर पसरते. ब्रॅकॉनची सवयच अशी की जेवढ्यांवर अंडी घालायची त्याहून कितीतरी जास्त अळ्यांना डंख मारून ठेवायचे. शेतात हा गुण आहे, प्रयोगशाळेत नासाडी.

दोन्हींत कमी पडण्याचे नुकसान जास्त आहे. पाच अळ्या फुकट गेलेल्या परवडतात.

कॉर्सिराला काय खायला घातले याने गांधीलमाशीच्या अंड्यांवर परिणाम होतो का?

होतो, आणि बहुतेक ठिकाणी खरी खोट इथेच असते. प्रौढ माशी चरबी नव्याने साठवत नसेल तर तिची सगळी चरबी यजमानाकडून आली, आणि यजमानाची त्याच्या खाद्यातून.

एका पेटीसाठी रूढ प्रमाण: भरडलेली बाजरी किंवा ज्वारी अडीच किलो, शेंगदाण्याची पूड १०० ग्रॅम, यीस्ट ५ ग्रॅम, गंधक भुकटी ५ ग्रॅम, आणि कॉर्सिराची अंडी अर्धा सीसी. भरडा आधी १०० अंशाला अर्धा तास तापवून गार करावा, म्हणजे त्यात आधीपासून असलेल्या किडी मरतात. शेंगदाणा आणि यीस्ट हेच चरबी आणि प्रथिने पुरवतात. काटकसर म्हणून पहिल्यांदा तेच गाळले जातात. अळ्या तरीही वाढतात, पण उशिरा आणि हलक्या. गंधक भरड्यात होणाऱ्या बारीक कोळ्यांना (माइट) आवरण्यासाठी असते. ते विसरले आणि भरडा दमट असला तर हे कोळी कॉर्सिराची अंडी खाऊन संपवतात.

अंडी अर्ध्या सीसीऐवजी एक सीसी टाकली तर पतंग दुप्पट मिळतील असे वाटते. मिळतात ते लहान पतंग, लहान अळ्या आणि तापलेला, जाळ्यांनी गच्च झालेला भरडा.

ब्रॅकॉन आणि कॉर्सिरा एकाच खोलीत ठेवले तर चालेल?

नाही. एक मादी कॉर्सिराच्या पेटीत शिरली की महिन्याभरात पेटी संपते. खोल्या वेगळ्या, शक्य असल्यास माणसेही वेगळी, आणि दिवसाचे काम नेहमी कॉर्सिराच्या खोलीपासून सुरू करून ब्रॅकॉनच्या खोलीत संपवायचे.

मध कसा द्यावा?

निम्मा मध, निम्मे उकळून गार केलेले पाणी. मेणकागदाच्या पट्टीवर काडीने बारीक रेघा ओढाव्यात किंवा कापसाचा बोळा भिजवून पिळून ठेवावा. ट्रायकोग्रामा अर्धा मिलिमीटरची असते. मधाचा थेंब तिच्यासाठी डोह आहे, पाय अडकले की मेली. तिच्यासाठी रेघ जवळजवळ कोरडी दिसेल इतकी पातळ हवी.

रोज बदलावा, उन्हाळ्यात तर नक्कीच. आंबलेल्या मधाला वास येतो आणि माश्या त्याच्याकडे फिरकत नाहीत. थिजून रवाळ झालेला मध त्यांच्या तोंडाला घेता येत नाही. मध नसेल तर साखरेचे पाणी चालते, पण काही दिवसांपुरतेच. आणि बरण्यांच्या मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, मुंग्या एका रात्रीत सगळे कोश नेतात.

अंडी भरपूर पडतात, पण निघतात ते सगळे नर. हे खाद्यामुळे होते का?

बहुधा नाही. या माश्यांमध्ये फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर जन्मतो. मिलन न झालेली मादी अंडी पूर्ण संख्येने घालते, फक्त सगळे नर. म्हणून माद्या अळ्यांवर सोडण्याआधी नरांसोबत एक दिवस मधावर ठेवाव्यात. यजमान लहान असला तरी नरांचे प्रमाण वाढते, कारण अनेक जातींत मादी लहान यजमानावर नराचे अंडे घालते.

ब्रॅकॉनमध्ये तिसरे कारण असते आणि ते जास्त छळते. एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मिलन होत राहिले की लिंग ठरवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या होतात. मग फलित अंड्यातूनही नरच तयार होतो, आणि तो बहुधा अंड्यातच मरतो किंवा वांझ निघतो. फिनिअस व्हाइटिंग यांनी १९४३ मध्ये हे याच ब्रॅकॉनवर दाखवून दिले. (ही माशी जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेतली जुनी पाहुणी आहे. १९६७ मध्ये अमेरिकेच्या बायोसॅटेलाइट-२ यानातून ती किरणोत्साराच्या प्रयोगासाठी अवकाशातही जाऊन आली.) लक्षण म्हणजे न फुटलेली अंडी वाढतात आणि त्याच वेळी नरही वाढतात. खाद्य बदलून काही होत नाही. साठवणुकीच्या धान्यातून किंवा शेतातून नवा वाण आणून मिसळावा, आणि दर पिढी मोजक्या जोड्यांवर न चालवता अनेक बरण्यांतल्या माश्या एकत्र कराव्यात.

ट्रायकोग्रामाची अंडी जन्मताच ठरलेली असतील, तर कार्ड करणाऱ्याच्या हातात काय उरते?

बरेच काही. ती शिदोरी किती मोठी, हे यजमानाच्या अंड्यावर ठरते आणि ते अंडे आपण देतो. मोठ्या अंड्यातून मोठी मादी निघते, तिच्या पोटात अंडीही जास्त असतात. मादी हे मापही घेते. भोक पाडण्याआधी ती यजमानाच्या अंड्यावरून चालत जाते आणि चालायला लागलेल्या वेळावरून त्याचा आकार जोखते. मग त्यात एक अंडे घालायचे की अनेक, हे ठरवते. कॉर्सिराच्या अंड्यात सहसा एकच मावते.

कार्ड करताना पाळायच्या गोष्टी: कॉर्सिराची अंडी २४ तासांच्या आतली असावीत. ती १५ वॅटच्या अतिनील दिव्याखाली १२ ते १५ सेंटिमीटरवर ४५ मिनिटे ठेवून आतला गर्भ मारावा. नाहीतर ट्रायकोग्रामाच्या तावडीतून सुटलेल्या अंड्यांतून कॉर्सिराच्या अळ्या निघतात आणि शेजारची, आत ट्रायकोग्रामा वाढत असल्याने काळी पडलेली अंडी खातात. दिवा चालू असताना उघड्या डोळ्यांनी पाहू नये. एक सीसीत सुमारे १८ ते २० हजार अंडी बसतात. सहा सीसी ताज्या अंड्यांमागे आत ट्रायकोग्रामा वाढत असलेली एक सीसी अंडी, हे प्रमाण.

हे प्रमाण वाढवून काम लवकर उरकण्याचा मोह होतो. माश्या जास्त आणि अंडी कमी झाली की एकाच अंड्यात दोन-तीन माद्या अंडी घालतात. कार्ड छान काळे दिसते, टक्केवारीही उत्तम लागते, आणि निघतात त्या खुज्या पंखांच्या, उडू न शकणाऱ्या माद्या. कार्डाचा काळेपणा पाहून दर्जा ठरवू नये. भिंगाखाली निघालेल्या माश्या पाहाव्यात.

कार्ड फ्रिजमध्ये किती दिवस ठेवता येते?

अंडी काळी पडल्यावर १० अंश सेल्सिअसला साधारण आठ-दहा दिवस. पुढे माश्या कमी निघतात, आणि निघतात त्यांनी चरबीचा काही भाग थंडीत जगण्यात खर्च केलेला असतो. घरच्या फ्रिजच्या वरच्या खणात गारठा जास्त असतो, तिथे ठेवू नये.

शेतात मध कोण देणार?

फुले, पानांवरचा मधुरस आणि मावा-पिठ्या ढेकणांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा. कपाशीच्या पानाच्या खालच्या बाजूला मुख्य शिरेवर एक छोटी ग्रंथी असते, फुलाखालच्या पातींवरही असतात. त्यातून फूल नसतानाही रस येतो. चवळीतही फुलांबाहेर असा रस मिळतो. बांधावर धने, शेपू, बडीशेप, ओवा लावणे उपयोगी पडते, कारण या फुलांतला मध उघडा असतो आणि आखूड तोंडाच्या माशीला पोहोचतो. झेंडूचे तसे नाही. तो इतर कारणांसाठी लावा, त्याच्या नळीतला मध ट्रायकोग्रामाला दुरूनच दिसतो.

काही ठिकाणी यजमानच साखर देतो. पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठी २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून भारतात आणलेल्या ॲसेरोफॅगस पपई या माशीला तर चिकट्याच्या मधोमधच काम करायचे असते.

चिकट्याबाबत एक इशारा. निओनिकोटिनॉइड गटातली आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या रसातून चिकट्यात उतरतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या अभ्यासात असा चिकटा खाऊन परोपजीवी माश्या मेल्याचे दिसले. फवारणी थेट माशीवर झाली नाही म्हणजे ती वाचली, असे धरू नये.

सोडताना मध पाजून सोडावे का? आणि कधी सोडावे?

ब्रॅकॉन नक्कीच पाजून आणि मिलन होऊ देऊन सोडावी, निघाल्यावर दोन दिवसांनी. शक्य असेल तर आदल्या दिवशी काही अळ्याही द्याव्यात, म्हणजे शेतात पोहोचताच तिची अंडी तयार असतात. शेतात अळ्या असतील तेव्हाच सोडावी. आधीच सोडली तर ती अंडी शोषत बसते आणि निघून जाते.

नायजरमध्ये बाजरीच्या कणसातल्या अळीसाठी यावर साधा उपाय काढला आहे. तागाच्या छोट्या पिशवीत बाजरी, कॉर्सिराच्या २५ अळ्या आणि मिलन झालेल्या दोन माद्या भरून पिशव्या गावात टांगतात. माद्यांना पहिले यजमान पिशवीतच मिळतात आणि पुढची पिढी विणीतून बाहेर पडून शेतात जाते.

ट्रायकोग्रामा अंड्यांतच येते, तिला पाजणे शक्य नाही, आणि ती फार जगत नाही. म्हणून एकदाच खूप सोडण्यापेक्षा थोडे-थोडे पुन्हा पुन्हा सोडायचे. उसाच्या खोडकिड्यासाठी हेक्टरी ५०,००० म्हणजे एकरी २० हजारांचे एक कार्ड, दर १० दिवसांनी, चार ते सहा वेळा. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्रे एकरी ६०,००० वापरतात. कार्डाचे तुकडे दहा-दहा मीटरवर पानाच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी लावावेत. एकरी चाळीसेक तुकडे होतात. भर दुपारी लावलेल्या कार्डातून निघालेल्या माश्या तापमान ३५ अंशांच्या वर असेल तर फार काही करत नाहीत.

पोटातली अंडी मोजायची कशी?

मादी काही मिनिटे बर्फाच्या खणात ठेवून मारावी. काचपट्टीवर मिठाच्या सौम्य द्रावणाचा थेंब, लिटरभर पाण्यात ८-९ ग्रॅम मीठ. सुईने छाती दाबून धरायची, दुसऱ्या सुईने पोटाचे शेवटचे वलय पकडून हळूच ओढायचे. अंडनलिकेसोबत अंडाशयाच्या नळ्या बाहेर येतात. ब्रॅकॉनचे तयार अंडे लांबट, काकडीसारखे, सुमारे अर्धा मिलिमीटर, गुळगुळीत आणि भरलेले दिसते. शोषले जात असलेले अंडे गढूळ, सुरकुतलेले, कडा मोडलेल्या. दोन्हींची संख्या वेगळी लिहावी. साध्या पाण्यात काम केले तर अंडी फुगून फुटतात आणि गणती चुकते. सोबत मागच्या पायाच्या पोटरीची लांबी मोजावी, म्हणजे अंडी कमी असण्याचे कारण लहान अंग की उपासमार, हे वेगळे करता येते.

आमचा वाण ठीक आहे का, याची घरच्या घरी चाचणी?

ब्रॅकॉनसाठी चार गट करावेत, प्रत्येकात एकेकट्या ठेवलेल्या दहा माद्या. सगळ्या एकाच दिवशी निघालेल्या, एक दिवस नरांसोबत राहिलेल्या. पहिला गट नुसत्या पाण्यावर. दुसरा मधावर, अळ्या सहाव्या दिवसापासून. तिसऱ्याला पाणी आणि रोज दोन मोठ्या अळ्या. चौथ्याला मध आणि रोज दोन अळ्या. अळ्या दर २४ तासांनी बदलून अंडी भिंगाने मोजावीत, मादी मरेपर्यंत.

पहिला गट चार-पाच दिवसांत संपतो. दुसरा दीर्घायुषी, पण सहाव्या दिवशी अंडी कमी आणि नंतर हळूहळू वर. तिसरा पहिल्यापासून घालतो, चौथ्याइतका टिकत नाही. चौथा सगळ्यांत पुढे असायला हवा. चौथा तिसऱ्याएवढाच निघाला तर मध आंबला आहे किंवा माद्यांना तो सापडत नाही. दुसऱ्या गटाचा आकडा अळ्या दिल्यावरही वर चढलाच नाही तर माद्या चरबी संपवून बसल्या आहेत, म्हणजे यजमानाच्या भरड्यात शेंगदाणा आणि यीस्ट तपासावे. आणि चौथ्या गटात अंडी भरपूर, पण फुटतात निम्मीच, असे दिसले तर खाद्याच्या मागे न लागता नवा वाण शोधावा.